फोटोतले दाणे आणि दादाशी धरलेला अबोला

पत्र थोडक्यात असं आहे: सोलापुरातला २७ वर्षांचा तरुण. दिवसा एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेब लिहितो, सुट्टीच्या दिवशी फोटो काढतो. वडील यंत्रमागावर, धाकटी बहीण कॉलेजात. दिवाळीत त्याने मित्राच्या थोरल्या भावाकडून जुना डीएसएलआर कॅमेरा आणि १८-५५ मिमीची झूम लेन्स विकत घेतली. या भावाला तो लहानपणापासून दादा म्हणतो. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, नंदीध्वजांचे (मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांचे) फोटो काढले, फेब्रुवारीत मावसबहिणीच्या हळदीचे. दोन्हीकडे फोटो दाणेदार, बारीक ठिपक्यांनी भरलेले आले. मावसबहीण म्हणाली, "यापेक्षा माझ्या मोबाईलवरचे बरे आलेत." काका म्हणाले, "फसवलं बघ तुला, सेन्सर गेलेला कॅमेरा गळ्यात मारला." (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप.) आयएसओ (टिपलेला उजेड किती वाढवून दाखवायचा ती सेटिंग) कमी ठेवूनही दाणे दिसले तेव्हा त्याची खात्रीच पटली. फोटोग्राफर मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने दादाचं नाव घेऊन तसं लिहिलं. दादाने उत्तर दिलं नाही आणि तेव्हापासून बोलणं बंद आहे. मे महिन्यातल्या दोन लग्नांच्या ऑर्डरी हातात आहेत. दादाकडे पैसे परत मागावेत, की हा कॅमेरा येईल त्या किमतीला काढून दीड लाखाचं कर्ज घ्यावं आणि नवा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणावा, असा प्रश्न आहे. सोबत तीन मूळ फोटो जोडले आहेत.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग फोटो उघडले. मूळ फाइली पाठवल्यात हे फार बरं केलंत. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो इतका दाबला जातो की गुळगुळीत आकाशातसुद्धा चौकटी-चौकटींचे डाग उठतात. ते डाग कॅमेऱ्याचे की पाठवण्याचे, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

मूळ फाइलीत फोटोबरोबर त्याची कुंडलीही असते: शटर (उजेड किती वेळ आत येतो) किती, ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) किती, आयएसओ किती. तुमचे तीन फोटो वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उजेडात काढलेले आहेत, तरी एक आकडा तिन्हींत सारखा आहे. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, उणे १.७ पायऱ्या. एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.

म्हणजे तुमचा कॅमेरा प्रत्येक वेळी उजेड मोजतो, किती हवा ते ठरवतो आणि मग त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी उजेड आत घेतो. कारण कुणीतरी त्याला तसं सांगून ठेवलंय. ही सेटिंग कॅमेरा बंद केला तरी पुसली जात नाही. फोटो अंधारे येतात, तुम्ही ते मोबाईलच्या ॲपमध्ये ओढून उजळ करता, आणि त्या ओढण्यात दाणे वर येतात. व्ह्यूफाइंडरच्या तळाशी जी छोटी पट्टी असते तिच्यात काटा शून्यावर नाही, उणेच्या बाजूला आहे, तो पाहा. अधिक-उणेची खूण असलेलं बटण दाबून तो शून्यावर आणा. इतकं करून मग पुढचं वाचा.

हे उणे १.७ आलं कुठून? तुम्हीच पत्रात ओझरतं लिहिलंय की दादा बरीच वर्षं नाटकांचे आणि ऑर्केस्ट्राचे फोटो काढायचे. रंगमंचावर मागे काळोख असतो आणि नटाच्या चेहऱ्यावर स्पॉटलाइट. कॅमेरा तो सगळा काळोख मोजतो, त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि चेहरा पांढराफटक करून टाकतो. म्हणून रंगमंचाचे फोटो काढणारे लोक मुद्दाम उणे दीड-दोनवर काम करतात. ती सेटिंग मला एका जाणत्या हाताची सवय वाटते. देताना कॅमेरा रिसेट करायचं त्यांच्या हातून राहून गेलं असावं, आणि घेताना तुमच्या. जुना कॅमेरा हाती आला की मेनूत जाऊन सगळ्या सेटिंग्ज मूळ पदावर आणणं हे पहिलं काम. हे वाचणाऱ्या ज्या कुणी जुना कॅमेरा घेतला असेल त्यांनीही आज तेवढं उरकून घ्यावं.

पण थांबा, सगळं खापर त्या एका आकड्यावर फोडून चालणार नाही. तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती आधी बाजूला ठेवू: दाणे म्हणजे कॅमेऱ्याचा बिघाड. तसं नाही. दाणे प्रत्येक कॅमेऱ्यात, प्रत्येक फोटोत असतात. उजेड भरपूर असला की ते दिसत नाहीत, एवढंच.

आपल्या सोलापूरच्या पावसाचं उदाहरण घ्या. अंगणात सारख्या आकाराच्या पन्नास वाट्या मांडून ठेवल्यात आणि नुसता शिडकावा येऊन गेला, तर एका वाटीत तीन थेंब, शेजारच्या वाटीत सात, तिसरी कोरडीच. पाऊस सगळीकडे सारखाच पडला, तरी वाट्या सारख्या भरल्या नाहीत. तासभर धो धो पाऊस झाला तर मात्र सगळ्या वाट्या बघायला सारख्याच. सेन्सरवरचा एकेक पिक्सेल म्हणजे अशी वाटी आणि उजेड म्हणजे थेंबाथेंबाने येणारा पाऊस. हिशेब तुमच्या कामाचाच आहे, म्हणून आकडेही सांगते. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण पडत असतील तर चढउतार साधारण १० चा, म्हणजे दहा टक्के. १०,००० कण पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे एकच टक्का. ज्या भिंतीचा रंग एकसारखा दिसायला हवा तिथे दहा टक्क्यांचा चढउतार म्हणजे तुम्हाला दिसलेले दाणे. यात सेन्सरच्या स्वतःच्या विजेची थोडी खरखर मिसळते, आणि ती अंधाऱ्या भागात जास्त जाणवते.

म्हणून आयएसओ वाढवला की दाणे येतात हे म्हणणं अर्धंच खरं. आयएसओ म्हणजे लाउडस्पीकरचा आवाज वाढवण्याचं बटण. बोलणारा पुटपुटत असेल तर आवाज वाढवल्यावर खरखरही ऐकू येणारच, पण पुटपुटणं हे त्या बटणाचं काम नव्हे. उलट, आयएसओच्या भीतीने फोटो अंधारा काढायचा आणि घरी येऊन उजळवायचा, यात बहुतेक वेळा नुकसानच होतं. जुन्या कॅमेऱ्यांत तर ते ठळक दिसतं. आयएसओ १६०० वर नीट उजळ काढलेला फोटो हा आयएसओ ४०० वर अंधारा काढून दोन पायऱ्या ओढलेल्या फोटोपेक्षा साधारणपणे स्वच्छ निघतो. कमी आयएसओवरही दाणे दिसले म्हणून तुम्ही सेन्सरला दोष दिलात, त्यामागे हेच होतं.

आता तुमचे तिन्ही फोटो एकेक करून पाहू.

पहिला, होम मैदानावरचा. बाराबंदी घातलेले भक्त, त्यांच्या मधोमध नंदीध्वज पेलणारा माणूस, मागे दिव्यांची रोषणाई. चौकट सुरेख धरलीय. शटर १/५००, ॲपर्चर एफ ५.६, आयएसओ १२,८००. मला पहिला प्रश्न पडला तो १/५०० का? नंदीध्वज पेलणारा माणूस पावलापावलाने चालतो. त्याला १/१२५ पुरतं, आणि तो क्षणभर थांबलेला असताना टिपला तर १/६० सुद्धा. १/५०० वरून १/१२५ वर आलात की चौपट उजेड आत येतो, फुकट. दुसरं, तुम्ही लेन्स पूर्ण ५५ वर ओढली होती. या लेन्सचं ॲपर्चर १८ च्या टोकाला एफ ३.५ पर्यंत उघडतं आणि ५५ ला एफ ५.६ वर अडतं. झूम करण्याऐवजी चार पावलं पुढे जाऊन रुंद टोकाने फोटो घेतला असता तर आणखी अडीचपट उजेड मिळाला असता. गर्दीत पुढे सरकणं सोपं नाही हे मला माहीत आहे, पण बंदोबस्ताच्या दोरीच्या आत न जाता, वेळेआधी जाऊन जागा धरता येते. तिसरी गोष्ट बाराबंदीच्या पांढऱ्या रंगाची. चौकटभर पांढरं असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो फोटो गडद करतो. अशा वेळी कॉम्पेन्सेशन अधिक एकच्या आसपास न्यावं लागतं, आणि तुमचं होतं उणे १.७.

दुसरा फोटो हळदीचा, आणि मला वाटतं तुम्हाला सर्वांत जास्त लागलाय तो हाच. आयएसओ ३२००, फार नाही. तरी मावसबहिणीच्या गालाखाली, मानेवर, पिवळ्या साडीच्या चुण्यांमध्ये निळे-जांभळे ठिपके. फोटो शंभर टक्के मोठा करून मी बराच वेळ बघत बसले. ठिपके फक्त सावलीत आहेत, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर एकही नाही. सेन्सर गेला असता तर त्याने कपाळ आणि मान असा भेद केला नसता.

ठिपके निळेच का? सेन्सरला स्वतःला रंग कळत नाहीत. प्रत्येक पिक्सेलवर एका रंगाची चाळणी बसवलेली असते, अर्ध्यांवर हिरवी, पावांवर लाल, पावांवर निळी. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली, १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे. म्हणजे निळ्या वाट्या मुळातच पाव. त्यात मांडवात पिवळे दिवे, त्यांच्या उजेडात निळा भाग फारच थोडा. त्यात हळद, पिवळी साडी, झेंडूचं तोरण. पिवळी वस्तू निळा उजेड गिळून टाकते. निळ्या वाट्यांत जेमतेम दोन थेंब पडले. मग रंग नैसर्गिक दिसावेत म्हणून व्हाइट बॅलन्सने त्या दोन थेंबांना गुणून मोठं केलं, आणि तुम्ही ॲपमध्ये उजळ करून आणखी गुणलं. हळदीच्या फोटोंत दाणे जास्त येतात ते असे. यावर उपाय म्हणजे दिवसाउजेडी हळद लागणार असेल तर मांडवाच्या उघड्या बाजूला, आकाशाचा उजेड चेहऱ्यावर येईल असं नवरीला बसवायला सांगा. घरच्या बायका ऐकतात, फक्त हळद लागायच्या आधी सांगायला हवं. संध्याकाळ असेल तर फ्लॅश वर वळवून पांढऱ्या छतावर मारा, म्हणजे मऊ आणि पांढरा उजेड खाली येतो. छत लाल-हिरव्या कापडाचं असेल तर मारू नका, तो रंग चेहऱ्यावर उतरतो.

"मोबाईलचे बरे आलेत" हे मावसबहिणीचं वाक्य मनाला लावून घेऊ नका, कारण ते एका अर्थी खरंच आहे. मोबाईल एक बटण दाबल्यावर एका फोटोऐवजी पटापट अनेक फोटो घेतो आणि ते एकमेकांवर ठेवून सरासरी काढतो. चार फोटोंची सरासरी काढली की दाणे निम्मे होतात, नऊंची काढली तर तिसरा हिस्सा उरतो. वर तो त्वचा सारवल्यासारखी गुळगुळीतही करतो. तुमच्या फोटोत तिच्या पापणीचा केस न् केस वेगळा दिसतो, तिच्या मोबाईलमध्ये तो दिसणार नाही. फोटो नीट उजळ काढून बारा बाय अठराच्या अल्बमच्या पानावर छापलात की ती स्वतःच फरक सांगेल. छापताना पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि पडद्यावर शंभर टक्के मोठं करून दिसणारे बरेचसे दाणे कागदावर उरतच नाहीत. पाहुण्यांपैकी कुणीही लग्नाचा अल्बम भिंगाखाली धरत नाही.

तिसरा फोटो तुमच्या वडिलांचा, मागाजवळ उभे. यात आयएसओ फक्त ४०० आणि फ्लॅश मारलाय, तरी मागच्या भिंतीत दाणे. फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की पावच उरतो. वडिलांवर पुरेसा पडला, भिंतीपर्यंत पोचलाच नाही, आणि तुम्ही भिंत दिसावी म्हणून ती ओढून काढलीत. हे एक. पण याच फोटोत हवेत जे पांढरे गोल-गोल ठिपके दिसताहेत, ज्यांना तुम्ही पत्रात "सेन्सरवरचे डाग" म्हटलंय, ते दाणेही नाहीत आणि डागही नाहीत. तो कारखान्यात सतत उडत असलेला सुताचा बारीक कापूस आहे. लेन्सच्या अगदी जवळून जाणाऱ्या तंतूवर फ्लॅश पडला की तो फोकसच्या बाहेरचा पांढरा गोळा होऊन उमटतो. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर जी हवा श्वासात घेतली ती या फोटोत दिसतेय. हा फोटो पुसू नका.

तरीही शंकेचं काटेकोर निरसन झालं पाहिजे, कारण तुम्ही एका माणसावर आरोप केलाय. त्यासाठी दोन चाचण्या करा. खर्च काही नाही, एक सकाळ लागेल.

घरातली एखादी सोलापुरी चादर, ज्यात गडद पट्टेही आहेत आणि फिके पट्टेही, ती सकाळच्या उन्हात दोरीवर ताणून घाला. आयएसओ १००, एफ ८, कॉम्पेन्सेशन शून्य. एक फोटो. मग काहीही न हलवता कॉम्पेन्सेशन उणे दोनवर नेऊन दुसरा फोटो, आणि घरी संगणकावर हा दुसरा दोन पायऱ्या उजळ करून पहिल्याशेजारी ठेवा. पहिल्यात वीण स्वच्छ दिसेल. दुसऱ्यात मरून आणि काळ्या पट्ट्यांत दाणे उठलेले दिसतील, फिक्या पट्ट्यांत कमी. तोच कॅमेरा, तीच चादर, तेच ऊन. पहिला फोटो स्वच्छ आला तर सेन्सर ठणठणीत आहे, हे तुम्ही कुणालाही छातीठोकपणे सांगू शकता.

दुसरी चाचणी टोपण लावून. लेन्सला टोपण, व्ह्यूफाइंडरवर काळं कापड (तिथूनही उजेड आत झिरपतो), मॅन्युअल मोड, आयएसओ ८००, शटर १/१००, एकामागून एक तीन फोटो. मग तेच शटर दहा सेकंद ठेवून आणखी तीन. संगणकावर एकाच कोपऱ्याला मोठं करून तिन्ही फोटो आळीपाळीने बघा. जे ठिपके दर फोटोत जागा बदलतात ते साधे दाणे. जे लाल-निळे-पांढरे ठिपके तिन्ही फोटोंत अगदी त्याच जागी बसलेत ते हॉट पिक्सेल. दहा सेकंदांच्या फोटोत असे काही सापडणारच, नव्या कॅमेऱ्यातही सापडतात, घाबरू नका. १/१०० च्या फोटोतही ते ठळक दिसले, किंवा चादरीच्या नीट उजळ फोटोत दर वेळी त्याच जागी रेषा उमटल्या, तरच खरी तक्रार आहे. त्यातही हॉट पिक्सेल सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदवून झाकता येतात. आणि आकाशाच्या फोटोत, एफ १६ ला, काळपट धूसर ठिपके दिसले तर ती सेन्सरवर बसलेली धूळ, ती साफ होते. काकांच्या मनात जे आहे, की फार फोटो काढून सेन्सर झिजतो आणि दाणे द्यायला लागतो, तसं होत नाही. झिजतं ते शटर, कारण तो हलणारा भाग आहे.

ओघात उन्हाळ्याचंही सांगते, कारण तुमच्या ऑर्डरी मेमधल्या आहेत. सोलापूरचा मे म्हणजे ४० अंशांच्या वरच. सेन्सर तापला की त्यात उजेडाशिवायच वीज साठू लागते, आणि तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी वाढलं की तिचं प्रमाण दुप्पट होतं. १/१०० सारख्या शटरला याने काही बिघडत नाही. पण लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दिसणारं चित्र) तासभर चालू ठेवून, व्हिडिओ काढून, मग लगेच रात्री पाच-दहा सेकंदांचे फोटो घ्यायला गेलात तर ठिपके वाढलेले दिसतील. कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवू नका. लॉन्ग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर दहा सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी दहा सेकंद टोपण लावल्यासारखा एक काळा फोटो घेतो आणि तो मूळ फोटोतून वजा करतो. तेवढा वेळ तो अडकल्यासारखा वाटतो. गड्ड्याच्या शोभेच्या दारूकामाला हे बंद ठेवा, नाहीतर एक बाण टिपेपर्यंत पुढचे तीन निसटतील. तिथे ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ ते ११, दोन-चार सेकंद. दाण्यांचा प्रश्नच येत नाही.

आता कर्जाकडे येऊ. फुल फ्रेम घेतला की दाणे जातील, हे तुमचं दुसरं गृहीत. त्या सेन्सरचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या सव्वादोन ते अडीचपट असतं, म्हणजे तेवढा जास्त उजेड जमा होतो. फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण तुमच्या १८-५५ च्या जागी ५० ची एफ १.८ लेन्स लावली, तर एफ ५.६ वरून एफ १.८ वर येताना उजेड जवळजवळ दहापट होतो. अडीचपटीसाठी दीड लाख, आणि दहापटीसाठी नव्या कॅमेऱ्याच्या किमतीचा एक लहानसा हिस्सा. होम मैदानावरचा तोच फोटो १/१२५ आणि एफ २ ने काढला असता, तर आयएसओ बाराशे-तेराशेच्या आसपास राहून पूर्ण उजळ आला असता. हिशेबनीस तुम्ही आहात, तेव्हा हा आकडा मी तुमच्यापुढे ठेवते. नव्या कॅमेऱ्यासोबत पुन्हा एफ ५.६ पर्यंतच उघडणारी साधी लेन्स आली तर हप्तेही राहतील आणि दाणेही.

५० च्या लेन्सने सगळं भागणार नाही, तेही सांगायला हवं. एफ १.८ ला फोकसची पट्टी इतकी अरुंद होते की नवरीचा डोळा धरला तर नथ सुटते. दोन रांगांचा ग्रुप फोटो तिने काढता येत नाही, तिथे एफ ५.६ किंवा ८ आणि फ्लॅशच. जेवणाच्या पंगतीला, अरुंद स्टेजवर ती फार लांबची पडते. म्हणून दोन्ही लेन्सा जवळ ठेवा, चेहऱ्यांना ५०, घोळक्याला १८-५५ आणि वळवलेला फ्लॅश. मेमधली दोन लग्नं याने निभतात. तरी धाकधूक वाटली तर त्या दोन दिवसांसाठी चांगली लेन्स भाड्याने घ्या, आणि त्याचा खर्च ऑर्डरीच्या दरात आधीच धरा. दोन-तीन मोसम काम करून, लोक पुन्हा बोलवायला लागले, की मग फुल फ्रेमचा विचार स्वतःच्या कमाईतून करता येईल. बहिणीचं कॉलेज चालू असताना, वडिलांच्या मजुरीत हप्ता बसवून आत्ताच तो करू नये असं मला स्पष्ट वाटतं.

काढलेल्या फोटोंचं काय? रॉ फाइली (सेन्सरने टिपलेलं जसंच्या तसं साठवणाऱ्या) असतील तर हळदीचे बरेच फोटो वाचतील. आधी रंगाचे दाणे घालवणारा स्लायडर वापरा, निळे-जांभळे ठिपके त्याने जातात आणि चेहरा बिघडत नाही. उजेडाचे बारीक दाणे थोडे राहू द्या, ते पूर्ण पुसायला गेलात की त्वचा मेणासारखी होते. शार्पनिंग कमी करा, ते दाण्यांनाही धार लावतं. हल्ली एआयने दाणे काढणारी सॉफ्टवेअर आहेत आणि ती खरंच उत्तम काम करतात, पण घोळक्याच्या फोटोत मागच्या बारीक चेहऱ्यांवर नजर ठेवा. तिथे ती मनाने नाक-डोळे रचतात आणि ओळखीच्या आत्याबाई परक्या होऊन बसतात. आणि भिंतीवर एलईडी दिव्यांचे आडवे पट्टे आले असतील तर तो दाण्यांचा प्रकार नव्हे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे सहसा जातात.

दादांचं. चाचण्या होईपर्यंत त्यांना काही लिहू नका, ग्रुपवर तर नाहीच. निकाल मला अपेक्षित आहे तसा लागला, तर दुरुस्ती जिथे बोललात तिथेच व्हायला हवी: त्याच ग्रुपवर, त्यांचं नाव घेऊन, दोन ओळी. "कॅमेरा चांगला आहे, चूक माझी होती." त्यांच्या धंद्यातल्या चार लोकांसमोर तुम्ही त्यांना लबाड म्हणालात. मग खाजगीत मागितलेली माफी ते स्वीकारतील कदाचित, पण त्या चार लोकांच्या मनात आरोपच राहील. निकाल उलटा लागला, तरी त्यांच्या घरी जा. फाइली दाखवा, ठिपके कुठे बसलेत ते दाखवा, आणि दुरुस्तीचा खर्च कसा वाटून घ्यायचा ते विचारा. तेव्हाही त्यांना हे माहीत होतं असं धरून चालू नका. रंगमंचावर १/१०० च्या वेगाने फोटो काढणाऱ्याला दहा सेकंदांच्या फोटोतले ठिपके कधी दिसलेच नसतील.

जाताना चादरीचे दोन्ही फोटो छापून न्या. त्यांनी एवढी वर्षं अंधाऱ्या नाट्यगृहात काम केलंय, तेव्हा कमी उजेडात फोटो कसा काढायचा हे त्यांच्याइतकं जवळचं तुम्हाला दुसरं कोण शिकवणार? उणे १.७ च का, दोन का नाही, हे त्यांना विचारा.

आणि वडिलांचा फोटो पुन्हा काढा. फ्लॅश बंद. सकाळी कारखान्याचं दार उघडं असताना, दारातून येणारा उजेड त्यांच्या एका गालावर पडेल अशा बाजूला उभे राहा. शटर १/१२५, ॲपर्चर असेल तेवढं उघडं, आयएसओ १६०० लागला तर १६००, ३२०० लागला तर ३२००. माग चालू राहू द्या. दारातल्या उजेडाच्या तिरीपेत तो कापूस तेव्हाही तरंगताना दिसेल, आणि वडिलांच्या हातावरच्या शिराही.